फोन आमचा, घंटा सावकाराची!

एक काळ असा होता की, घरात टेलिफोन यावा म्हणून माणसे अर्ज करीत आणि वर्षानुवर्षे त्याची वाट पाहात बसत. अर्ज केला तेव्हा पाळण्यात असलेला मुलगा शाळेत जाऊ लागे, पण टेलिफोन काही येत नसे. आज तीच पिढी आपला टेलिफोन वाजू नये म्हणून अर्ज करीत आहे, आणि त्याही अर्जाची धड दाद लागत नाही! सकाळी स्नान आटोपून वर्तमानपत्र हातात घ्यावे, तर एक मंजुळ आवाज सांगतो की, आपले पाच लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे. जे कर्ज मागितलेच नाही, ते मंजूर कसे झाले हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. दुपारी जेवून अंमळ आडवे व्हावे, तर कर्जत-नेरळकडच्या प्लॉटची वर्णने सुरू होतात. संध्याकाळी विमा, दिवेलागणीनंतर शेअर बाजारात पैसे दुप्पट करून देण्याचे आमंत्रण! ‘नको’ म्हटले, तर ‘का नको?’ असा उलट सवाल येतो. जणू नको म्हणण्याची कारणे दाखविण्यास आपण बांधलेले आहोत.

महागाई, पाणी, लोकलची गर्दी असे विषय समोर असताना ह्या किरकोळ उपद्रवाला पहिल्या पानावर जागा कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे आहे की, हा उपद्रव आता किरकोळ राहिलेला नाही. अनोळखी क्रमांक दिसला की फोन उचलावयाचाच नाही, असा दंडक आज घराघरांतून पडून गेला आहे. आणि इस्पितळातून येणारा फोन हा अनोळखी क्रमांकावरूनच येतो, हे आपण विसरतो. रस्त्यात घेरी येऊन पडलेल्या म्हाताऱ्याच्या खिशातली चिठ्ठी वाचून कोणी सज्जन त्याच्या घरी फोन लावतो, तोही अनोळखीच असतो. परगावी मोबाइल हरवलेली मुलगी सहप्रवाशाच्या फोनवरून आईला हाक मारते, तेव्हा आईच्या हातातल्या पडद्यावर मुलीचे नाव उमटत नाही. उमटतो तो एक परका क्रमांक, आणि आई तो तोडून टाकते. संकटकाळी धावून यावे म्हणून जे साधन आपण उशाशी ठेवतो, ते दलालांनी निकामी करून टाकले आहे. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते नाही असे समजावयाचे काय?

दुसरी गोष्ट ह्याहून गंभीर आहे. आपले नाव, आपली बँक, आपल्या मोटारीचा विमा केव्हा संपतो ती तारीख, हे सारे कोणा परक्याला तोंडपाठ आहे, ह्या गोष्टीचे आपल्याला आता नवल वाटेनासे झाले आहे. ही सवय लागल्यामुळेच लफंग्यांचे फावते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या नव्या दरोड्याबद्दल खुद्द पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मधून देशाला सावध करावे लागले. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. तरीही शिकलीसवरलेली माणसे घाबरून आपली आयुष्याची पुंजी परक्याच्या खात्यात भरतात. कारण फोनवरच्या माणसाला त्यांची सारी कुंडली ठाऊक असते. कर्ज विकणारा दलाल आणि पोलिसाचे सोंग घेणारा भामटा हे एक नव्हेत, हे आम्हाला मान्य आहे. परंतु दोघेही एकाच बाजारातून याद्या विकत घेऊ शकतात, आणि पहिल्याच्या गर्दीत दुसरा सुखाने लपतो.

आता कायद्याकडे वळू. टेलिफोनवरचे संभाषण हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली फोनवर पाळत ठेवण्याच्या खटल्यात स्पष्ट केले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमुखाने दिला. सरकारने चोरून ऐकू नये, हे जसे त्यातून निघते, तसेच सावकाराने बळेच ऐकवू नये, हेही आमच्या मते त्यातूनच निघावयास हवे. बोलण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. पण माझ्या घरात येऊन, माझ्या कानाशी तोंड लावून बोलण्याचे स्वातंत्र्य कोणालाही नाही. गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते आणि ती वाचून गरीब फेरीवाला निमूटपणे मागे फिरतो. पाटी वाचूनही आत शिरण्याचा अधिकार केवळ वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या फेरीवाल्यालाच कोठून प्राप्त झाला?

ही पाटी टेलिफोनवर लावण्याचा खटाटोप गेली वीस वर्षे चालू आहे. २००५ साली एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यानंतर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला लोक ‘ट्राय’ म्हणतात त्याने, २००७ साली पहिले नियम केले आणि ज्यांना असले फोन नकोत त्यांच्यासाठी एक नोंदवही उघडली. २०१० साली ते नियम मोडून नवे आले. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक मुक्रर झाले. रात्री नऊ ते सकाळी नऊ ह्या वेळेत असले फोन करू नयेत, असे ठरले. झाले काय, तर १४० दिसताच लोक फोन उचलीनासे झाले, म्हणून धंदेवाईकांनी १४० सोडून तुमच्या-आमच्यासारखे साधे दहा आकडी क्रमांक घेतले. बुरखा घालावयाचा नाही असा नियम केला, तेव्हा चोरांनी साधू-संतांचा वेष घेतला! १९ जुलै २०१८ रोजी तिसऱ्यांदा नियम झाले. प्रत्येक व्यापारी संदेशाचा मथळा आणि मसुदा आधी नोंदवावा, ग्राहकाची संमती संगणकी खातेवहीत टिपून ठेवावी, अशी त्यात योजना होती. योजना कागदावर उत्तम; पण ८ मार्च २०२१ रोजी ती कसोशीने लागू करताच बँकांचे ओटीपी अडकले, व्यवहार खोळंबले, आणि छाननी तात्पुरती थांबवावी लागली. दोन वर्षांहून अधिक अवधी मिळूनही मोठमोठ्या संस्थांनी आपले मसुदे नोंदविले नव्हते, आणि त्यांच्या आळसाचे प्रायश्चित्त ग्राहकाने रांगेत उभे राहून घेतले!

२०२४ सालच्या पहिल्या सहा महिन्यांत नोंद न केलेल्या विक्रेत्यांविरुद्ध ७ लाख ९० हजारांहून अधिक तक्रारी आल्या, असे ट्रायनेच जाहीर केले. तक्रार करण्याचा कंटाळा हा आपल्या मध्यमवर्गाचा स्थायीभाव आहे. शंभरांतले नव्व्याण्णव जण शिवी हासडून फोन खाली ठेवतात. तेव्हा आठ लाखांच्या मागे न केलेल्या तक्रारी किती असतील, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यानंतर १३ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने हुकूम काढला आणि पंधरा-वीस दिवसांतच २ लाख ७५ हजारांहून अधिक क्रमांक व जोडण्या तोडल्या गेल्या, तसेच पन्नासांहून अधिक संस्था काळ्या यादीत गेल्या. ह्या धडाडीबद्दल ट्रायचे अभिनंदन करावयास आम्ही कचरत नाही. पण हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. क्रमांक म्हणजे टोपी. एक जप्त झाली की दुसरी घालता येते. पावणेतीन लाख टोप्या हाती लागल्या, आणि डोकी मात्र पन्नास-साठ! बाकीची डोकी कोठे गेली?

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी नियमांत जी दुरुस्ती झाली, ती ह्या साऱ्या इतिहासातली सर्वांत भरीव होय, आणि ती आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावी अशी आमची विनंती आहे. आपले नाव नोंदवहीत नसले तरी आता तक्रार करता येते. पूर्वी तीन दिवसांच्या आत तक्रार करावी लागे, आता सात दिवसांची मुदत आहे. नोंद नसलेल्या विक्रेत्यावर कारवाई करण्यास कंपनीला तीस दिवस मिळत, ते आता पाच झाले. सात दिवसांत दहा जणांनी तक्रार केल्याशिवाय कारवाईस प्रारंभ होत नसे. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात. पहिल्या गुन्ह्याला पंधरा दिवस बाहेर जाणारे फोन बंद, आणि पुन्हा सापडल्यास त्याच्या सर्व जोडण्या, सर्व कंपन्यांकडच्या, एक वर्षासाठी तोडावयाच्या. जाहिरातीसाठी १४० आणि कामकाजाच्या फोनसाठी १६०० ही मालिका ठरली असून साध्या दहा आकडी क्रमांकावरून विक्री करण्यास बंदी आहे. एखाद्या व्यवहाराच्या ओघात आपण संमती दिली असेल, तर ती सात दिवसच टिकते; आणि एकदा नको म्हटल्यावर नव्वद दिवसांच्या आत पुन्हा संमती मागावयास येता येत नाही.

तेव्हा वाचकांनी एवढे करावे. फोन आला, तर त्याचा क्रमांक, तारीख आणि काय विकावयास आला होता ते दोन शब्दांत टिपून ठेवावे. १९०९ ह्या क्रमांकावर किंवा आपल्या कंपनीच्या अ‍ॅपवर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. एकट्याच्या तक्रारीने काय होणार, हा प्रश्न आता गैरलागू आहे. पाच पुरतात, आपल्या जिन्यातच पाच बिऱ्हाडे असतात!

एवढे झाल्यावर आमचा खरा आक्षेप सुरू होतो. ज्याची झोपमोड झाली, त्याला ह्या सगळ्या खटाटोपात काय मिळाले? ‘आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे’ असा एक संदेश! निवारण म्हणजे काय, कोणाला काय शिक्षा झाली, आपले नाव त्याला कोणी दिले, ह्यातले काही त्याला कळत नाही. आणि फिर्याद करावयाची तरी कोणाकडे? ज्या कंपनीच्या तारेवरून उपद्रव येतो आणि ज्या कंपनीला त्या उपद्रवाचे भाडे मिळते, तिच्याकडेच. आता ह्या कंपन्यांनी तक्रारींचे आकडे चुकीचे दिले, तर पहिल्या खेपेस दोन लाख, दुसऱ्या खेपेस पाच लाख आणि पुढे दर खेपेस दहा लाख रुपये दंड ठेवला आहे, हे खरे. पण तो दंड खोट्या हिशेबाबद्दलचा, आणि तोही जावयाचा सरकारजमा. ट्राय स्वतः व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाही. म्हणजे नुकसान नागरिकाचे, हिशेब कंपनीचा, दंड सरकारला. आणि ज्याच्यासाठी फोन केला तो सावकार किंवा बिल्डर ह्या चित्रात क्वचितच दिसतो.

मग ग्राहक न्यायालय आहेच की, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्राला ह्या बाबतीत अभिमान बाळगण्याचा हक्क आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे रोप लावले, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला तो त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ मध्ये. पण टेलिफोनच्या ग्राहकाला त्या कायद्याचे दार बराच काळ बंद होते. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात लवादाचे एक कलम होते. त्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली टेलिफोनचे तंटे ग्राहक मंचापुढे चालणार नाहीत असा निर्णय दिला. तेरा वर्षे कंपन्यांचे वकील तेवढे एकच पान न्यायाधीशांपुढे उघडून ठेवीत. अखेर अहमदाबादच्या एका ग्राहकाने आपल्या फुगलेल्या बिलावरून नेटाने लढा दिला, आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपनीविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाता येते, असे निःसंदिग्धपणे सांगितले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही तो मार्ग मोकळा ठेवला आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही, वकील केलाच पाहिजे असेही नाही, आणि तक्रारदार जेथे राहतो तेथे दावा लावता येतो. २०१९ च्या कायद्याने तर ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याच्या आधारावाचून दुसऱ्याला देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. आपल्या बँकेने किंवा आपल्या टेलिफोन कंपनीने आपला क्रमांक बाजारात नेला, हे दाखविता आले, तर हे कलम हाती असलेल्या सोट्यासारखे वापरता येईल.

पण तो सोटा पडतो कोणावर, हे पाहा. ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू विकत घेणारा किंवा सेवा घेणारा, अशी कायद्याची व्याख्या आहे. ज्याच्याकडून मी काही घेतलेच नाही, त्याचा मी ग्राहक नाही. म्हणजे माझ्या टेलिफोन कंपनीवर मी दावा लावू शकतो. परंतु जी सावकारी पेढी मला दिवसातून तीनदा छळते, तिच्यावर दावा लावावयाचा, तर आधी तिचे कर्ज घेऊन तिचा ग्राहक झाले पाहिजे! कायद्याच्या पुस्तकात इतका सुंदर विनोद आमच्या पाहण्यात क्वचितच आला असेल.

जाब विचारावयास गेलेच, तर मोठ्या संस्थांचे उत्तर ठरलेले असते. फोन आम्ही केला नाही, आमच्या एजंटाने केला. एजंट म्हणतो, मी नव्हे, माझ्या सब-एजंटाने. सब-एजंट म्हणजे उपनगरातल्या एका खोलीत मांडलेल्या वीस खुर्च्या. तुम्ही पोहोचेपर्यंत त्या उठलेल्या असतात. मालकाने दिलेल्या अधिकारात मुनिमाने केलेले कृत्य मालकाला बांधते, हे तत्त्व १८७२ च्या करार कायद्यापासून आपल्याकडे रुजलेले आहे. मुनिमाने आणलेले गिऱ्हाईक घ्यावयाचे, त्याबद्दल मुनिमाला दलाली द्यावयाची, आणि मुनिमाने केलेला त्रास मात्र आपला नव्हे म्हणून हात झटकावयाचे, हा कोठला न्याय?

खुर्चीवर बसलेल्या त्या मुलामुलींविषयी आमच्या मनात राग नाही, हे येथेच सांगून टाकतो. तुटपुंज्या पगारावर दिवसाकाठी शेकडो माणसांचे अपशब्द ऐकून घेणारी ती आपल्याच चाळींतली आणि वसाहतींतली मुले आहेत. त्यांना शिव्या देऊन ज्यांना पुरुषार्थ केल्यासारखे वाटते, त्यांनी तो पुरुषार्थ १९०९ वर गाजवावा.

आम्ही मागतो ते असे आहे : प्रत्येक बेकायदेशीर फोनची एक ठराविक किंमत असावी, ती ज्याच्या मालासाठी फोन आला त्याने द्यावी, आणि ज्याच्या घरी घंटा वाजली त्याला ती मिळावी. ही कल्पना जगावेगळी नाही. अमेरिकेत १९९१ पासून असा कायदा आहे. त्याखाली नागरिक स्वतः न्यायालयात जाऊन दर फोनमागे पाचशे डॉलरपर्यंत आणि कृत्य जाणूनबुजून केलेले असेल तर त्याच्या तिपटीपर्यंत भरपाई मागू शकतो. त्यामुळे तेथला उपद्रव संपला असे आम्ही म्हणत नाही; यंत्राने केलेले फोन तेथेही भरपूर येतात आणि काही वकिलांनी ह्या दाव्यांचा धंदाही थाटला आहे. पण तेथल्या बड्या कंपनीला फोन करण्यापूर्वी वकिलाला विचारावे लागते. आमच्याकडे ती फक्त नवे सिमकार्ड विकत घेते.

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जावे? मुंबईतच, फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेने हे तत्त्व मान्य केलेले आहे. न मागता क्रेडिट कार्ड गळ्यात मारले आणि त्याचे बिल लावले, तर ते रद्द करून शिवाय त्याच्या दुप्पट रक्कम त्या माणसालाच द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या आपल्या निर्देशांत लिहिले. कार्डे विकणाऱ्यांनी सकाळी दहा ते संध्याकाळी सात ह्याच वेळेत फोन करावेत, असेही त्यात आहे. न मागितलेल्या कार्डाबद्दल दंड नागरिकाच्या हाती पडू शकतो, तर न मागितलेल्या फोनबद्दल का पडू नये? बिल्डरांचीही तीच कथा. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे जो दलाल महारेराकडे नोंदलेला नाही, त्याला नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकण्यात भागच घेता येत नाही. घेतला, तर दिवसाला दहा हजार रुपये आणि वाढत वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. फोनवर प्लॉटचे गोडवे गाणाऱ्याला त्याचा नोंदणी क्रमांक विचारून पाहावा. बहुतेक वेळा फोन तिकडूनच तुटतो.

उलट वारे कोणत्या दिशेला वाहात आहे, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावरून दिसते. माहितीची राखण न करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, असा त्याचा मोठा गाजावाजा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या, असे ठरले. तो दंड जावयाचा कोठे? भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती विकली गेली, त्याला एक छदामही नाही. इतकेच नव्हे, माहिती तंत्रज्ञान कायद्यातले जे ४३-अ कलम अशा माणसाला भरपाई देऊ करीत होते, तेही ह्या कायद्याने वगळावयाचे ठरविले. आणि खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकाला मात्र दहा हजार रुपयांपर्यंत दंड! लुटले गेलेल्या माणसाला चौकीवर बसवून, ‘बाबा रे, तुझी फिर्याद क्षुल्लक तर नाही ना?’ असे दरडावण्यातलाच हा प्रकार झाला.

छोट्या व्यापाऱ्याने मग आपला माल खपवावा कसा, असा एक आक्षेप घेतला जातो. त्याचा विचार करणे आम्हाला भाग आहे, कारण आम्हीही जाहिरातींवरच जगतो आणि ह्याच अंकात त्या पानोपानी आहेत. परंतु वर्तमानपत्रातली जाहिरात वाचकाची गचांडी धरीत नाही. ती पान उलटू देते. शिवाय छोटा वाणी, शिंपी किंवा खाणावळवाला आपल्याला फोन करीत नाही. त्याला आपल्या पाटीवर आणि आपल्या हातच्या चवीवर भरवसा असतो. फोन येतात ते ज्यांच्यापाशी कोट्यवधींचे भांडवल आहे अशांकडून. ज्या गिऱ्हाइकाने खरोखर संमती दिली आहे, त्याला खुशाल फोन करावा. फक्त ती संमती दिल्याचा पुरावा फोन करणाऱ्याने दाखवावा. संमती दिली नव्हती हे सिद्ध करावयाचे ओझे नागरिकावर टाकू नये. जे घडलेच नाही, ते सिद्ध करणार कसे?

२०२३ च्या दूरसंचार कायद्याचे २८ वे कलम २६ जून २०२४ पासून अमलात आले आहे. माल, सेवा, जागा, नोकरी, गुंतवणूक ह्यांची भलावण करणाऱ्या संदेशांसाठी आधी संमती घेण्याची, ‘डू नॉट डिस्टर्ब’ नोंदवहीची आणि तक्रारीच्या व्यवस्थेची तरतूद करण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला आहे. ह्या कलमाला जोडून संसदेने आणखी थोडेसेच लिहावयाचे आहे : संमतीवाचून आलेल्या दर फोनमागे, ज्याच्या लाभासाठी तो केला त्या संस्थेने, ज्याला तो आला त्याला, समजा पाचशे रुपये द्यावेत, टेलिफोन कंपनीने त्या फोनची नोंद मागताक्षणी द्यावी, आणि दावा जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालावा, मग दावेदार त्या संस्थेचा गिऱ्हाईक असो वा नसो. पाचशे रुपये ही रक्कम एका माणसाला लहान आहे. लाख माणसांना फोन करणाऱ्याला ती पाच कोटींची होते.

महाराष्ट्रातून अठ्ठेचाळीस खासदार लोकसभेत जातात, त्यांतले सहा एकट्या मुंबईचे. मोबाइल त्या सहांपाशीही आहेत आणि कर्जे त्यांनाही मंजूर होत असतील. अधिवेशन चालू असताना शुक्रवारी दुपारचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामासाठी राखलेले असतात. सहांपैकी एकाने हे चार ओळींचे दुरुस्ती विधेयक त्या वेळात मांडावे. त्याला पुराव्याची वाण पडू नये म्हणून, ज्या वाचकांनी १९०९ वर तक्रार केली असेल, त्यांनी तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि मिळालेले उत्तर आमच्याकडे पोस्टकार्डाने पाठवावे. फोन करू नये.